मागून बसणारी मिनिव्हॅन: हवा नेमकी कुठून जाते?

सामान भरून रात्री सरळ उभी केलेली मिनिव्हॅन सकाळी मागून बसलेली दिसते. किल्ली फिरवल्यावर थोड्या वेळाने गाडीखालून घुर्र असा आवाज सुरू होतो, मागची बाजू हळूहळू वर येते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. काही महिने असेच जातात. मग एक दिवस तो आवाजच येत नाही. गॅरेजवाला सांगतो, कॉम्प्रेसर गेला. नवा कॉम्प्रेसर बसतो आणि काही काळाने तोही जातो.

काही मिनिव्हॅनमध्ये सामान भरल्यावरही मागची बाजू सरळ राहावी म्हणून मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरमध्ये हवा भरणारी यंत्रणा असते, कॉम्प्रेसर हा तिचा पंप. या दुखण्यात कॉम्प्रेसर बहुतेक वेळा निर्दोष असतो. हवा दुसरीकडूनच गळत असते आणि ती भरून काढता काढता तो बिचारा जळतो. म्हणून एकच आग्रह धरतो: गळती सापडल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. गळती शोधायला लागणारं सामान स्वयंपाकघरात आणि सायकलच्या दुकानात मिळतं. ते काम कसं करायचं आणि मुळात ही हवा तिथे काय करते, हे नीट समजून घेऊ.

उदाहरणासाठी अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या मिनिव्हॅन घेतो: शेव्हरोले व्हेंचर, पाँटियाक मोंटाना आणि ओल्ड्समोबाइल सिल्हूएट. तिन्ही आतून एकच गाडी, जॉर्जिया राज्यातल्या डोराव्हिलच्या कारखान्यात बनलेली. ही पिढी १९९७च्या मॉडेलपासून सुरू झाली. सिल्हूएट २००४मध्ये थांबली, कारण ओल्ड्समोबाइल हा ब्रँडच कंपनीने बंद केला. बाकीच्या दोघी २००५पर्यंत चालल्या. यांच्या वरच्या मॉडेलांत मागची बाजू आपोआप सरळ ठेवणारी हवेची यंत्रणा मिळायची. अमेरिकेतल्या मराठी घरांना मिनिव्हॅन का लागते, हे वेगळं सांगायला नको. आईबाबा भारतातून आले की सात सीट हव्यातच. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेच्या, अधिवेशनाला निघताना तर डिकीत बॅगा, मधल्या सीटवर मुलं आणि पायाशी डब्यांच्या पिशव्या. एवढं वजन मागच्या चाकांवर पडलं की गाडी मागून बसते, पुढून उचलली जाते. हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो आणि पुढच्या चाकांची पकड सैल होते. हे होऊ नये म्हणून ही हवा.

आत काय काय असतं

या गाड्यांच्या मागच्या चाकांवर साध्या लोखंडी कॉइल स्प्रिंग असतात. गाडीचं मूळ वजन त्याच पेलतात. त्यांच्या जोडीला दोन शॉकअ‍ॅब्सॉर्बर असतात आणि त्यांच्याभोवती रबराचा एक पट्टा पिशवीसारखा बांधलेला असतो. या पिशवीत हवा भरली की शॉक लांब व्हायला बघतो आणि गाडीची मागची बाजू उचलली जाते. रिकाम्या गाडीत या पिशव्यांत जेमतेम १० पीएसआयच्या (टायरमधली हवा मोजतात तेच दाबाचं एकक) आसपास हवा असते. तेवढी मुद्दाम राखलेली असते, नाहीतर रबर चुरगळून स्वतःवरच घासेल.

शिवनेरीच्या व्होल्वो बसमध्ये बसलात तर तीही हवेवरच उभी असते. पण तिथे बसचं अख्खं वजन हवेच्या फुग्यांवर असतं आणि हवा इंजिनवर चालणाऱ्या मोठ्या कॉम्प्रेसरकडून येते, जो ब्रेकलाही हवा पुरवतो. आपल्या मिनिव्हॅनमध्ये हवा फक्त जास्तीचा भार उचलते. त्यामुळे ती पूर्ण गेली तरी गाडी रस्त्यावर आडवी पडत नाही, नुसती बसते. म्हणूनच लोक महिनोन्‌महिने दुर्लक्ष करतात. काही युरोपीय मिनिव्हॅनमध्ये, उदाहरणार्थ सिट्रोएन ग्रँड सी४ पिकासोच्या काही मॉडेलांत, मात्र मागे लोखंडी स्प्रिंग नसते, सगळा भार हवेच्या स्प्रिंगवर असतो. तिथे हवा गेली की गाडी थेट रबरी ठोकळ्यांवर येऊन आदळते आणि ती तशी चालवणं धोक्याचं असतं. तुमची गाडी यातल्या कोणत्या प्रकारची आहे, हे आधी खाली वाकून बघा.

बाकीचे भाग मोजकेच. एक छोटा विजेवर चालणारा कॉम्प्रेसर. त्याला चिकटलेला ड्रायर, म्हणजे सिलिका जेलच्या दाण्यांनी भरलेला डबा, जो हवेतली वाफ शोषून घेतो. कॉम्प्रेसरच्या डोक्यावरच हवा सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह. तिथून निघालेली बारीक नायलॉनची नळी, जी दोन्ही शॉकपर्यंत जाते. आणि उंची मोजणारा सेन्सर. तो बॉडीला बसवलेला असतो, त्याचा छोटा दांडा मागच्या अ‍ॅक्सलला, म्हणजे चाकांच्या आसाला, जोडलेला असतो. गाडी बसली की दांडा वर ढकलला जातो आणि कॉम्प्रेसर सुरू होतो. सामान उतरवलं की गाडी वर उचलली जाते, दांडा खाली येतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि फुस्स करून हवा बाहेर पडते. सेन्सर लगेच हुकूम देत नाही, काही सेकंद थांबतो. नाहीतर रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहिला असता.

ही कल्पना जुनी आहे आणि गळतीही तेवढीच जुनी. जनरल मोटर्सने १९५७च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोअममध्ये चारही चाकांना हवेचं सस्पेन्शन दिलं, १९५८मध्ये ते इतर गाड्यांतही पर्याय म्हणून आणलं. हवा इतकी गळायची की अनेक मालकांनी ते काढून लोखंडी स्प्रिंग बसवून घेतल्या. नंतरच्या गाड्यांत मूळ भार स्प्रिंगवरच ठेवून हवेला फक्त मदतीला घेतलं, हा शहाणपणा होता.

आधी खात्री करा, ही गळतीच आहे का?

मागून बसलेली प्रत्येक गाडी हवेने बसलेली नसते. एक मोजपट्टी घ्या आणि मागच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. गाडी सपाट जागेवर, सामान तेवढंच, टायरमधली हवा सारखी. सकाळी पुन्हा मोजा.

इथे एक खूण आहे जी फार कमी लोक वापरतात. या यंत्रणेत दोन्ही शॉक एकाच नळीवर असतात, हवा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे मोकळी फिरते. त्यामुळे गळती डावीकडे असो वा उजवीकडे, गाडी दोन्ही बाजूंनी सारखीच खाली येते. तुमची गाडी एकाच बाजूला कलली असेल, तर हवेला सोडा आणि त्या बाजूची कॉइल स्प्रिंग तपासा. मिशिगन, ओहायो, इलिनॉयसारख्या राज्यांत हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. ते स्प्रिंगच्या खालच्या वेढ्यात साचतं, तिथे गंज धरतो आणि शेवटचा वेढा तुटतो. तुटलेला तुकडा तिथेच अडकून राहतो, म्हणून वरवर बघून कळत नाही. टॉर्च लावून टोकापर्यंत बघावं लागतं. जिथे प्रत्येक बाजूला वेगळा व्हॉल्व्ह असतो, त्या गाड्यांना मात्र ही खूण लागू नाही.

दोन्ही स्प्रिंग वयाने मऊ पडल्या असतील तर वेगळंच घडतं. रिकाम्या गाडीलाही हवेचा टेकू लागतो, पिशव्या कायम फुगलेल्या राहतात आणि जी गळती पूर्वी जाणवत नव्हती ती रोज दिसायला लागते. अशा गाडीत नुसती गळती बुजवून अर्धंच काम होतं.

आणखी एक घोळ. काही मिनिव्हॅनमध्ये गाडी आपोआप सरळ होते, पण हवेची नळी किंवा कॉम्प्रेसर शोधूनही सापडत नाही. क्रायस्लर टाउन अँड कंट्री आणि डॉज ग्रँड कॅरॅव्हॅनच्या काही मॉडेलांत निवोमॅट नावाचे शॉक होते. त्यांच्या आतच तेल आणि दाबलेला वायू असतो आणि गाडी चालताना चाकाच्या हालचालीनेच ते स्वतःला पंप करून घेतात. सामान भरल्यावर ते बसलेलेच राहतात, थोडं अंतर चालल्यावर वर येतात. हा बिघाड नाही, त्यांचा स्वभाव आहे. ते संपले की बदलायचे, दुरुस्ती नाही.

गाडीखाली जाण्याआधी

हवेवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, आणि नुसत्या जॅकवर तर नाहीच नाही. या यंत्रणेत आणखी एक फसवणूक आहे: किल्ली चालू ठेवून बॉडी जॅकवर उचलली की चाकं खाली लोंबतात, सेन्सरला वाटतं गाडी फारच वर गेलीय, आणि तो सगळी हवा सोडून देतो. मग तुम्ही तपासायला काय घेतलंत, तर रिकाम्या पिशव्या. म्हणून उचलताना किल्ली बंद, आणि शक्यतो उचलूच नका. चाकांवर भार ठेवून मागची चाकं मजबूत रॅम्पवर चढवा, पुढच्या चाकांना पाचर लावा, हँडब्रेक ओढा. यात फक्त सुरक्षितता नाही, तपासणीही खरी होते. रबराची भेग नेमकी त्या घडीत असते जिथे पिशवी रोजच्या उंचीला दुमडते. चाक लोंबकळलं की रबर ताणलं जातं, घडी सरकते आणि भेग लपते. शॉक तपासून “ठीक आहे” म्हणणारे बरेच मेकॅनिक इथेच चुकतात.

साबणाचं पाणी

मागे दोन-तीन माणसं बसवा किंवा तेवढ्याच वजनाची पोती ठेवा, किल्ली चालू करा आणि कॉम्प्रेसरला गाडी वर आणू द्या. आता नळीत भरपूर दाब आहे. किल्ली बंद करा, बसलेल्यांना उतरवू नका. सेन्सरला हलकी गाडी दिसली तर तो हवा सोडेल.

भांडी घासायचा लिक्विड साबण पाण्यात घट्टसर कालवा आणि जुन्या रंगाच्या ब्रशने लावा. स्प्रेपेक्षा ब्रश बरा, कारण तो घडीत आणि मागच्या बाजूला पोचतो. पंक्चरवाला ट्यूब टबात बुडवून बुडबुडे बघतो, तेच तत्त्व, फक्त इथे टब गाडीपर्यंत न्यायचा. अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर वापरू नका, रबर आणि नायलॉनला ते मानवत नाही. गोठवणाऱ्या थंडीत हे काम बाहेर करू नका. पाणी गोठलं की बुडबुडे येत नाहीत आणि गळती नाही असा खोटा निकाल मिळतो.

क्रमाने जा. पहिल्यांदा नळीचे सांधे. शॉकला, ड्रायरला आणि मधल्या जोडाला नळी एका स्प्रिंगच्या क्लिपने अडकवलेली असते आणि हवा रोखायचं काम आत बसलेल्या बारीक ओ-रिंग, म्हणजे रबराच्या गोल कड्या, करतात. इतक्या वर्षांनी त्या रिंग गोल राहिलेल्या नसतात, चपट्या आणि कडक होतात. इथली गळती मोठ्या बुडबुड्यांची नसते. साबण लावल्यावर पाऊण-एक मिनिट काहीच दिसत नाही, मग सांध्याच्या कडेला पांढरा बारीक फेस हळूहळू वाढत जातो. घाई केली तर ती हमखास निसटते. फक्त थंडीत बसणारी आणि उन्हाळ्यात नीट राहणारी गाडी असेल, तर माझा पहिला संशय याच रिंगांवर असतो. थंडीने रबर आक्रसतं आणि कडक होतं, सांधा सुटतो. ऊन पडलं की पुन्हा धरतो.

मग नळी स्वतः. ती बॉडीच्या कडेवर कुठे घासते, सायलेन्सरच्या किती जवळून जाते, कुठल्या लोखंडी पट्टीखाली दबते, ते हाताने चाचपत जा. नायलॉन घासून चमकलेलं दिसलं की तिथे थांबा. गंजरोधक काळा थर फवारलेल्या गाड्यांत नळी त्या थराखाली झाकलेली असते. तो हळूच खरवडावा लागतो.

शेवटी शॉकची पिशवी. धूळ आधी पाण्याने धुऊन टाका, नाहीतर साबण मातीतच फेसाळतो. घडीच्या चारही बाजूंनी ब्रश फिरवा, आणि पिशवी वर-खाली जिथे कड्याने आवळलेली असते तिथेही. कड्याला गंज फुगला असेल तर तो रबर कापतो. घडीत बारीक उभ्या भेगांचं जाळं दिसत असेल, पण बुडबुडे येत नसतील, तरी त्या शॉकचे दिवस भरले आहेत असं समजा.

साबणाने सापडत नसेल तर दोन भाग करा

काही गळत्या इतक्या मंद असतात की फेस दिसतच नाही, पण रात्रभरात गाडी बसते. अशा वेळी यंत्रणेचे दोन भाग पाडायचे: कॉम्प्रेसरकडचा आणि शॉककडचा. ड्रायरपासून नळी सोडवा. सोडवताना आतला दाब निघेल, चेहरा दूर ठेवा. नळीच्या मोकळ्या टोकाला एक टी-जोड लावा, त्याच्या एका तोंडाला दाब दाखवणारा गेज आणि दुसऱ्याला टायरचा व्हॉल्व्ह. नळीचा व्यास मोजून न्या, हे सगळं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. यंत्रणेत हवा फारशी मावत नसल्याने सायकलचा उभा पंपही पुरतो. ६० पीएसआयपर्यंत भरा. तुम्ही आत्ता केलेल्या जोडांना आधी साबण लावून बघा. तेच गळत असतील तर पुढचं सगळं व्यर्थ.

आता गेज वाचून लिहा आणि रात्रभर सोडा. सकाळी ५९ असेल तर शॉक आणि नळी दोन्ही निर्दोष, चोर कॉम्प्रेसरकडच्या भागात आहे: सांध्यात किंवा हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये. २० असेल तर चोर शॉककडे आहे. मग एकेक शॉक बंद करून तीच परीक्षा पुन्हा.

मधला आकडा आला तर घाईने निकाल देऊ नका, तापमान बघा. हवा थंड झाली की दाब आपोआप उतरतो, आणि हा हिशोब सोपा आहे. ऊबदार गॅरेजात २० अंश सेल्सियसला ६० पीएसआय भरलं आणि गाडी रात्रभर उणे १५ अंशात बाहेर राहिली. गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब दाखवतो, म्हणून आधी त्यात वातावरणाचे १४.७ मिळवा: ७४.७. तापमान शून्यापासून नाही, उणे २७३पासून मोजायचं, म्हणजे २९३वरून २५८वर. ७४.७ला २५८ने गुणून २९३ने भागलं की जवळजवळ ६६ येतात, त्यातून १४.७ वजा केले की ५१. एक थेंबही हवा न गळता ६०चे ५१ झाले. हा हिशोब माहीत नसल्यामुळे कितीतरी चांगले शॉक जानेवारीत बदलले गेले असतील. परीक्षा शक्यतो एकाच तापमानात करा.

कॉम्प्रेसरकडच्या भागात हवा सोडणारा व्हॉल्व्ह हा नेहमीचा संशयित. सिलिका जेलचे दाणे जुने झाले की त्यांची पूड होते, ती व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडकते आणि तो पूर्ण मिटत नाही. यंत्रणा पुन्हा जोडून दाब आणा आणि व्हॉल्व्हच्या बाहेरच्या भोकावर साबणाचा एक थेंब ठेवा. किल्ली बंद असताना तो फुगत असेल, तर चोर हाच.

ड्रायर

या भागाकडे कोणी बघत नाही, पण मला वाटतं अख्ख्या यंत्रणेची किल्ली इथेच आहे. कॉम्प्रेसर बाहेरची हवा आत ओढतो, तिच्यात वाफ असते. आत जाताना ती हवा ड्रायरमधून जाते, वाफ सिलिका जेलमध्ये राहते, कोरडी हवा शॉकमध्ये जाते. तुम्ही सामान उतरवलं की तीच कोरडी हवा त्याच ड्रायरमधून उलटी बाहेर पडते आणि जाता जाता दाण्यांमधली वाफ स्वतःबरोबर घेऊन जाते. ड्रायर पुन्हा कोरडा. म्हणजे यंत्रणा श्वास सोडते तेव्हाच ती स्वतःला वाळवते.

आता गळती झाली की काय होतं बघा. हवा ड्रायरमधून आत जाते, पण परत येत नाही. ती शॉकजवळच्या भेगेतून निघून जाते. दर वेळी नवी ओली हवा आत, वाळवणारी हवा कधीच नाही. दाणे भरून जातात आणि पाणी नळीत शिरायला लागतं. हिवाळ्यात ते नळीत गोठून वाट अडवतं, बाकीच्या दिवसांत कॉम्प्रेसरच्या सिलिंडरमध्ये गंज धरतं. त्यात कॉम्प्रेसर आधीच दिवसातून कितीतरी वेळा चालून तापलेला. नवा कॉम्प्रेसर लवकर मरतो तो या दोन कारणांनी, आणि दोन्हींचं मूळ ती न शोधलेली गळती. म्हणून गळती बुजवली की ड्रायर बदला, किंवा निदान दाणे तरी बदला, आणि नळीतलं पाणी कोरड्या हवेने फुंकून काढा.

कॉम्प्रेसर खरंच गेलाय का?

गळती नाही आणि तरी गाडी उचलली जात नाही, तेव्हाच विजेकडे वळा. या व्हॅनपैकी बऱ्याच गाड्यांत मागच्या बाजूच्या पॅनलमध्ये टायर फुगवायचं बटण आणि तोंड असतं. ते याच कॉम्प्रेसरवर चालतं. बटण दाबून हवा जोरात येत असेल तर कॉम्प्रेसर, त्याची वीज आणि फ्यूज सगळं ठीक आहे, तुमचा रोख सेन्सरकडे हवा.

सेन्सरचा दांडा गंजून तुटणं हे मिठाच्या प्रदेशात अगदी नेहमीचं. अ‍ॅक्सलकडची दांड्याची गाठ सोडवा, किल्ली चालू ठेवा आणि दांडा हाताने वर उचलून धरा. पाऊण मिनिटात कॉम्प्रेसर सुरू व्हायला हवा. खाली ओढून धरला की हवा सुटल्याचा आवाज यायला हवा. दोन्ही झालं तर सेन्सर चांगला आहे, नुसता दांडा नवा बसवा. हे करताना मागची बाजू हलेल हे लक्षात ठेवा, हातपाय चाकाच्या आणि बॉडीच्या मध्ये नकोत.

दांडा उचलूनही काही होत नसेल तर कॉम्प्रेसरच्या प्लगवर मीटर लावा. १२ व्होल्ट येतायत आणि मोटर गप्प आहे, तर ती गेली. व्होल्टच येत नसतील तर फ्यूज, रिले (कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणारा विजेचा स्विच), मग बॉडीला जोडलेली अर्थची तार, तिच्या टोकाखालचा गंज. उलट प्रकारही होतो: रिलेचे संपर्क चिकटतात आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही, अगदी किल्ली काढल्यावरही. सकाळी बॅटरी उतरलेली आणि कॉम्प्रेसरला हात लावला तर कोमट. लगेच रिले ओढून काढा.

दुरुस्ती कुठवर करायची

ओ-रिंग आणि नळी या दुरुस्त्या मामुली आहेत. नळी धारदार ब्लेडने काटकोनात कापा. कात्रीने ती चपटी होते आणि नवा जोड धरत नाही. फाटका भाग काढून पितळी जोड टाका. नव्या रिंगला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात लावा. पेट्रोलियम जेली नको, ती बऱ्याच रबरांना फुगवते.

शॉक गळत असेल तर जोडीने बदला. एक फाटला की दुसरा त्याच वयाचा आहे. रबराच्या पिशवीवर ट्यूबचा पॅच लावण्याचा प्रयत्न करू नका, घडी प्रत्येक खड्ड्याला वळते आणि पॅच पहिल्याच आठवड्यात उचकटतो. मूळ शॉक मिळत नसतील तर मन्रोचे मॅक्स-एअर किंवा गेब्रिएलचे हायजॅकर्स यांसारखे हाताने हवा भरायचे शॉक हा चांगला मार्ग आहे. त्यांची नळी डिकीजवळ आणून टायरसारखा व्हॉल्व्ह बसवायचा आणि सामान भरलं की पंपाने हवा भरायची. पाकिटावर दिलेल्या किमान दाबाच्या खाली मात्र कधी जाऊ नका, रबर घासून फाटतं. ज्यांना वर्षातून मोजक्याच वेळा गाडी भरून न्यायची आहे त्यांना मी हेच सुचवेन. कॉम्प्रेसर, ड्रायर, सेन्सर यातलं काहीच मग बिघडायला उरत नाही.

साधे शॉक बसवून हवेला कायमचा रामराम करणाऱ्यांनी आधी कॉइल स्प्रिंगची उंची तपासावी. त्या बसलेल्या असतील तर नव्या टाकाव्या, नाहीतर गाडी कायम मागून झुकलेली राहील. आणि कोणताही मार्ग घेतला तरी हवेने गाडीची वजन पेलायची क्षमता वाढत नाही. उंची सरळ दिसली तरी टायर, अ‍ॅक्सल आणि ब्रेक तेवढेच वजन उचलतात, जेवढं ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं आहे. यंत्रणा बाद करताना कॉम्प्रेसरचा रिले आठवणीने काढा. सेन्सर जागेवरच राहिला तर त्याला भरलेली गाडी बसलेली दिसणार आणि कॉम्प्रेसर कुठेही न पोचणारी हवा भरत राहणार. काढलेल्या नळीचं तोंड बुच लावून बंद करा आणि मागच्या चाकापासून मडगार्डपर्यंतची मापं नव्याने लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या वेळी कोणी “गाडी बसलीय” म्हणालं की ताडून बघायला आकडा हाताशी असेल.